अर्धा भरलेला कप

वाचकाचं पत्र, थोडक्यात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ३६, लग्नाला बारा वर्षं झाली, सासर-माहेर एकाच तालुक्यात. धाकटा भाऊ ३१ वर्षांचा. आधी एमआयडीसीत कामाला होता, दोनदा नोकरी गेली, आता वडिलांच्या खता-बियाण्यांच्या दुकानात बसतो. आठ-नऊ वर्षांपासून दारू पितो, गेली तीन वर्षं रोज. आषाढीला पंढरपुरात तुळशीची माळ घातली, ती सव्वा महिना टिकली. दिवाळीनंतर दारू तोडायची म्हणून त्याला मामाच्या गावी नेऊन ठेवलं. तिथं दुसऱ्याच दिवशी आकडी आली. "उपाशी होता, चक्कर आली," असं घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं. आई कुठूनशी आणलेली पूड त्याला कळू न देता भाजीत घालते.

आता त्याचं लग्न ठरलंय. सुपारी फुटली, साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. मुलगी २५ वर्षांची, औषधांच्या दुकानात नोकरी करते. तिला वडील नाहीत, आई आणि मामा सगळं बघतात. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. आईचं म्हणणं, "दोनाचे चार हात झाले की येईल ताळ्यावर." वडिलांचं म्हणणं, "साधी माणसं आहेत, फार चौकशी करायची नाहीत." साखरपुड्याआधी पंधरा दिवस त्याला मळ्यातल्या खोलीत ठेवायचं, बाहेरून कडी लावायची आणि दारू बंद करायची, असा घरात बेत आहे. मुलीकडचे घर बघायला आले तेव्हा मुलगीही आली होती. स्वयंपाकघरात ती हळूच ताईंना म्हणाली, "ताई, हे रागीट आहेत का हो?" ताई म्हणाल्या, "छे गं, गरीब गाय आहे." त्या रात्रीपासून त्यांना झोप नाही. त्या विचारतात: "मी सांगू का? सांगितलं तर माहेर तुटेल. नाही सांगितलं तर त्या पोरीचं तोंड डोळ्यांसमोरून हलत नाही. मिस्टर म्हणतात, तू मध्ये पडू नकोस."

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, आणि मी तिथेच अडकले. "सकाळी आई त्याला चहा अर्धाच कप देते, भरून दिला की सांडतो." तो दोन्ही हातांनी कप धरतो, मान खाली नेऊन पहिला घोट घेतो, आणि आई तिकडे पाठ करून भाकरी थापत राहते, असंही पुढे लिहिलंय. गेली बावीस वर्षं मी व्यसनी माणसांच्या घरच्यांबरोबर बसते आहे. तो अर्धा कप मी बऱ्याच स्वयंपाकघरांत पाहिलाय. कुणी मुद्दाम ठरवून तो अर्धा भरत नाही. एकदा सांडतो, दोनदा सांडतो, मग हातच कमी ओततो. घर असंच वाकत जातं आणि आपण वाकलोय हे घराला कळत नाही.

तुम्ही विचारलंय ते मुलीला सांगण्याबद्दल, आणि त्यावर मी येणारच आहे. पण आधी त्या कपाबद्दल बोलू द्या, कारण त्यात तुमच्या भावाच्या जिवाचा प्रश्न आहे.

हा थरथराट अशक्तपणाचा नाही. रोज दारू रिचवणाऱ्या माणसाच्या मेंदूला दारूच्या गुंगीची सवय होते. ती गुंगी तोडून जागं राहण्यासाठी तो स्वतःला सतत चेतवत राहतो. रात्रीची दारू पहाटेपर्यंत उतरते, पण मेंदू तसाच चेतलेला राहतो. मग हात कापतात, घाम सुटतो, मळमळतं, छाती धडधडते. पहिली क्वार्टर पोटात गेली की सगळं शांत होतं. म्हणून तो सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या गल्लीत जाऊन येतो. ती मजा म्हणून घेतलेली दारू नाही, तो त्याचा त्या क्षणाचा औषधाचा डोस झालाय. अशा माणसाची दारू एका झटक्यात तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात माणसं दगावतात. आणि ज्याला एकदा आकडी येऊन गेली, त्याला पुढच्या वेळी धोका जास्त असतो.

मामाकडे जे झालं ते हेच होतं, ताई. उपाशीपोटी आलेली चक्कर नव्हती.

त्यामुळे मळ्यातल्या खोलीला कडी लावायचा बेत आजच्या आज रद्द करा. बाकी माझं काहीही पटलं नाही तरी चालेल, एवढं ऐका. दारू तोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं जा, किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. साधारण आठवडा-दहा दिवस औषधं हळूहळू कमी करत हा टप्पा पार करता येतो. सोबत ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण दारूने ते शरीरातून पार आटलेलं असतं आणि त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मध्येच कधी आकडी आली, तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बिमचा घालू नका, थेट दवाखान्यात न्या. तिथं पहिलं वाक्य हे सांगा: "हा रोज दारू पितो, शेवटची अमुक वाजता घेतली." कॅज्युअल्टीत उभं राहून 'उपवास होता' म्हणणारी आई मी स्वतः पाहिली आहे. बिचारा डॉक्टर साखर तपासत बसला.

आणि ती पूड. कागदावर नाव नसलेल्या पुडीत काय आहे ते मला ठाऊक नाही, तुमच्या आईलाही नाही. दारूची शिसारी यावी म्हणून देतात ते एक खरं औषध आहे, डायसल्फिराम. डॉक्टर ते तपासण्या करून, माणसाला पूर्ण समजावून, त्याच्या संमतीने देतात. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींच्या पुड्यांत असलं काही मिसळलेलं असेल, तर तुमची आई प्रेमाने वाढलेल्या भाजीतून काय देतेय याचा विचार करा. तिला घाबरवू नका. हात धरून सांगा, पूड दाखवायला डॉक्टरकडे घेऊन जाऊ म्हणा.

आता लग्नाकडे येते.

"दोनाचे चार हात झाले की सुधारेल" हे वाक्य तुमच्या आईने बनवलेलं नाही. ते तिला तिच्या आईकडून मिळालंय. त्यात काहीच तथ्य नाही असंही मी म्हणणार नाही. शनिवारी मित्रांबरोबर बसणारे कितीतरी तरुण लग्नानंतर, मूल झाल्यानंतर आपोआप कमी पितात. पण त्यांचे हात सकाळी थरथरत नसतात. ज्याचं शरीरच दारू मागायला लागलंय, त्याच्यासाठी बायको म्हणजे काय? रात्री जागणारी, गल्ल्यातले पैसे मोजणारी, खिसे तपासणारी, दुकानदारांना "त्यांची तब्येत बरी नाही" असं सांगणारी. म्हणजे आज तुमची आई जे करते तेच सगळं. आई दमलीय, म्हणून घर आता तिच्या जागी तरणी बाई शोधतंय. कुणाच्याही मनात असं स्पष्ट नसेल. तरी होतंय ते हेच.

आणि आई, जिने त्याला जन्म दिला, जिचा शब्द त्याने कधी मोडला नाही असं तुम्ही लिहिता, तिच्याने जे तीन वर्षांत झालं नाही, ते एक अनोळखी पोरगी कशाच्या जोरावर करणार?

व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी आमचा गट आहे, त्यात एक बाई यायची. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात माहेरून आलेला मिक्सर काढायला तिने माळ्यावरचं खोकं उघडलं. आत मिक्सर नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रिकाम्या चपट्या होत्या, नीट रचून ठेवलेल्या. ती रडली ती त्या बाटल्यांसाठी नाही. ती खाली आली, तेव्हा सासू आणि नणंद भाजी निवडत बसल्या होत्या. तिच्या हातातलं खोकं पाहून दोघींपैकी कुणीच "हे काय?" म्हणून विचारलं नाही. ती मला म्हणाली, "मॅडम, नवरा पितो हे दुसऱ्या दिवशीच वासाने कळलं होतं. पण या सगळ्यांना माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं." अकरा वर्षं झाली, नवऱ्याची दारू सुटली, संसार सावरला. नणंदेशी मात्र ती आजही बोलत नाही.

ताई, तुम्ही त्या घरातल्या नणंद होणार आहात.

तुमच्या मनात दोनच वाटा आहेत, सांगणं किंवा गप्प बसणं. आणि सांगणं म्हणजे लग्न मोडणं, असं तुम्ही धरून चाललात. थोडं थांबून बघा. या गोष्टीची माहिती मुलीकडे नाही, म्हणून लग्न अजून मोडलेलं नाही, एवढंच खरं आहे. ती औषधांच्या दुकानात काम करते. थरथरणारे हात, पिवळट डोळे, लिव्हरच्या गोळ्यांचं पाकीट, हे सगळं ती रोज काउंटरवर बघत असणार. तिला कळायला किती दिवस लागतील असं तुम्हाला वाटतं? मग ते साखरपुड्याआधी कळायचं की माप ओलांडून आत आल्यावर, एवढाच फरक उरतो. तुमचे वडील 'साधी माणसं आहेत' म्हणाले, ते वाक्य मी दोनदा वाचलं. ज्या मुलीला वडील नाहीत, तिच्याकडून चौकशी होणार नाही याचा आपल्याला दिलासा वाटावा, हे बरोबर नाही. वडील वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. भीतीने चांगल्या माणसाच्या तोंडून असं निघतं. पण तुम्हाला ते खटकलंय, म्हणून तर तुम्ही मला लिहिलंत.

वडिलांना बदनामीची भीती असेल, तर एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवणुकीने संमती मिळवली असेल, तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ खाली लग्न रद्द ठरवून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत तसा अर्ज करावा लागतो. कोर्ट काय ठरवेल ते त्या त्या प्रकरणावर असतं, पण कोर्टाची पायरी चढली की गावात काय होईल ते वडिलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणखी एक. तुमच्या चार पानांत आई बोलते, वडील बोलतात, मिस्टर बोलतात, ती मुलगीही एक वाक्य बोलते. तुमच्या भावाचं एकही वाक्य नाही. मी पत्र पुन्हा वाचून खात्री केली. त्याला लग्न करायचंय का? त्या मुलीबद्दल त्याला काय वाटतं? माळ उतरवली त्या दिवशी तो काय म्हणाला? हे कुणी विचारलंय का त्याला? व्यसनी माणसाबद्दल घरात सगळे बोलतात, आणि तो आत आला की विषय बदलतात. या माणसांशी मी अनेकदा एकटीने बोलले आहे. लग्न ठरलं की ते खूश असतात असं समजू नका. कित्येक जण आतून घाबरलेले असतात. आपण काय लपवतोय हे त्यांना सगळ्यांत चांगलं ठाऊक असतं.

म्हणून माझं उत्तर असं: सांगायचं. पण आधी तुम्ही त्याच्याशी बोला. मुलीला सांगायचा पहिला हक्कही त्याचा आणि पहिली जबाबदारीही त्याची.

वेळ नीट निवडा. संध्याकाळी तो प्यायलेला असेल, सकाळी सातला थरथरत असेल. अकराच्या सुमाराला, दुकानात गर्दी नसताना, किंवा शेतावर चालता चालता. एकट्या जा. आवाज चढवू नका, शपथ घालू नका, रडून काही कबूल करून घेऊ नका. शपथा त्याने पुष्कळ घेतल्या असतील, प्रत्येक मोडल्यावर तो स्वतःच्या नजरेतून आणखी थोडा उतरला असेल. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोला. मी असते तर असं म्हटलं असतं: "चहा सांडतो ते मी बघते. मामाकडे आकडी आली ते मला माहीत आहे. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. सोमवारी मी सुट्टी काढते, आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ. आणि हे त्या मुलीला कळल्याशिवाय मी साखरपुड्याला उभी राहणार नाही. तू सांगितलंस तर मी शेजारी बसेन. आठ दिवसांत तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही, म्हणून आधी तुला सांगायला आले."

तो म्हणेल, "मी कधीही सोडू शकतो." वाद घालू नका. "मग डॉक्टरांसमोर सोड," एवढंच म्हणा. चिडून निघून जाईल. जाऊ द्या, आठ दिवस आहेत. किंवा काहीच न बोलता बसून राहील आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येईल. तसं झालं तर तुम्हीही गप्प बसा. आणि कधी त्याचा हात उगारला जाण्याची शक्यता वाटली, तर एकट्या अजिबात जाऊ नका, मिस्टरांना नाहीतर मामांना जवळपास राहायला सांगा.

त्याच्यानंतर आई-वडिलांशी. त्यांच्यापुढे "लग्न मोडा" असा विषय काढू नका. "पुढे ढकला" म्हणा. उपचार सुरू होऊ द्या, एक वर्ष दारूशिवाय जाऊ द्या, मग मुलगी आणि तिच्या घरचे काय ते ठरवतील. कदाचित ती थांबेल, कदाचित थांबणार नाही. तो निर्णय तिचा. वर्षभराचा हिशोब मी हवेतून काढलेला नाही. दारू तोडल्याचा शरीराचा त्रास आठवड्या-दहा दिवसांत ओसरतो, पण दुकानात उधारी बुडाल्यावर, मित्राच्या वरातीत, श्राद्धाच्या दिवशी, पहिल्या पावसात न पिता कसं राहायचं हे शिकायला निदान एकदा सगळे ऋतू बघावे लागतात.

आठ दिवसांत तो बोलला नाही आणि घरच्यांनीही कान झाकले, तर तुम्ही मुलीशी बोला. मध्यस्थामार्फत नको, तो निरोपाचं काय करील सांगता येत नाही. निनावी पत्र तर मुळीच नको. निनावी पत्रं कुणीतरी जळून लिहितं असंच आपल्याकडे समजतात, आणि "शत्रूंचं काम" म्हणून लग्न उलट घाईने उरकतात. स्वतःच्या नावाने, समोरासमोर, तिच्या आईलाही बसवून सांगा. रोज पितो, आकडी आली होती, उपचार झालेले नाहीत, स्वभावाने शांत आहे. शेवटचंही सांगा, कारण तेही खरं आहे. सल्ला देऊ नका. ती विचारेल तेवढ्याचं उत्तर द्या.

माहेर तुटेल का? काही महिने कदाचित तुटेल. मी खोटा धीर देणार नाही. आई फोन उचलणार नाही, राखीला बोलावणं येणार नाही. मिस्टर म्हणतात ते काळजीपोटीच. पण त्यांना विचारा, उद्या आपल्या मुलीसाठी असं स्थळ आलं आणि त्या घरातल्या एका बाईला सगळं ठाऊक होतं, तर आपल्याला काय वाटेल?

उपचारांबद्दल आता थोडं सविस्तर, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच घरांना ते लागणार आहे. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, देशात ५ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असल्याचं दिसलं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो. तुमची आई "आमच्याच नशिबी आलं" म्हणते. तुमच्या गल्लीत आणखी कुणाकडे चहा अर्धा कप ओतला जातोय ते ती विचारत नाही, आणि त्याही घरातली बाई विचारत नाही.

फुकट मदत हवी असेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा टोल-फ्री नंबर आहे. १४४१६ हा टेली-मानसचा, मानसिक आरोग्यासाठी. दोन्हीकडे घरचा माणूस फोन करू शकतो. तुमच्या भागातून पुणं लांब नाही. तिथं येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये ते सुरू केलं. ३५ दिवस राहून उपचार घ्यायचे असतात, घरच्यांनाही त्यात सामील करून घेतात. बायकांसाठी त्यांचा 'सहचरी' नावाचा गट आहे. तिथंच जा असा माझा आग्रह नाही, चांगली केंद्रं इतरही आहेत. पण कुठलंही केंद्र निवडताना आधी स्वतः जाऊन बघा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कितीदा येतो, रात्री आकडी आली तर काय करता, नोंदणी कुठे आहे, बाहेर पडल्यावर पाठपुरावा कसा होतो, हे विचारा. "तुम्ही काळजी करू नका, आमची गाडी येऊन उचलून नेईल" असं म्हणणाऱ्यांकडे पाठवू नका. मारहाण करणाऱ्या, साखळीने बांधणाऱ्या जागा अजूनही आहेत. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांनाही लागू आहे, आणि साखळीने बांधणं त्यात साफ मना आहे. तुमचा भाऊ रुग्ण आहे, कैदी नाही.

बाहेर आल्यावर एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सांभाळत सुरू केलेली ही चळवळ आज आपल्याकडच्या अनेक गावांत मराठीतून चालते. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. "फक्त आजचा दिवस" हे त्यांचं सूत्र. घरच्यांसाठी त्याच धर्तीचा अल-अॅनॉन गट असतो, तिथं तुमच्या आईला घेऊन जा. 'माझ्याच संस्कारांत काय कमी पडलं' या प्रश्नाने जिला रात्र रात्र छळलं, अशी बाई शेजारच्या खुर्चीत बसलेली तिला दिसली, की मी किंवा तुम्ही सांगून होणार नाही ते होतं.

माळेबद्दल तुम्ही "तीही वाया गेली" असं लिहिलंत. मला तसं वाटत नाही. माळ घातलेली आणि आयुष्यभर सांभाळलेली कितीतरी माणसं मला माहीत आहेत. त्यांची माळ एकट्या गळ्यात नव्हती. एकादशी होती, भजन होतं, शेजारी टाळ धरणारा माणूस होता, "आज आला नाहीस?" असं विचारायला येणारी दिंडी होती. तुमच्या भावाने माळ घातली आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच दुकानात, त्याच मित्रांत जाऊन बसला. तरी सव्वा महिना राहिला. म्हणजे त्याला सोडायची आहे. उपचारानंतर त्याला पुन्हा माळ घालावीशी वाटली तर घालू द्या, तुम्ही आठवण करून देऊ नका.

आणि उपचारानंतर एखाद्या दिवशी तो पुन्हा प्यायला, तर घरात सुतक पाळू नका. असं होतं, बऱ्याच जणांचं होतं. त्याच आठवड्यात परत डॉक्टरकडे नेलं की वाट पुन्हा सापडते. वर्षभर 'झालं ते झालं, आता काय उपयोग' म्हणत बसलं की मात्र हरवते. तोवर वडिलांनी दोन गोष्टी कराव्यात: गल्ल्याची किल्ली स्वतःकडे ठेवावी आणि परमिट रूमची उधारी फेडणं बंद करावं. दोन्ही त्याला आधी सांगून.

त्या मुलीला तुम्ही दिलेलं उत्तर खोटं नव्हतं. तो गरीब गायच असेल. तिने विचारलं एक, तिला जाणून घ्यायचं होतं दुसरं, आणि ते तुम्हाला त्याच क्षणी समजलं होतं. म्हणून झोप उडाली. तिचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय. तो इतक्यात लावू नका. आधी माहेरी जा, एखादा दिवस राहा. सकाळी आईच्या आधी उठून चहा तुम्ही करा, आणि अकराला दुकानात जा. सोमवारची डॉक्टरची वेळ घेऊनच जा, म्हणजे तो "कधी?" म्हणाला तर उत्तर तयार असेल. काय झालं ते मला कळवा, मी वाट बघतेय.